एन्टायरली कुठं बसवायचं

सुभाषनगरात, शिलाई मशीनच्या दुकानावरच्या खोलीत
साडेसातला वर्ग भरतो.
सहा बायका, एक ट्यूबलाइट,
खालून येणारा कमावलेल्या चामड्याचा वास.
तीन वर्षांत मी त्याला वास म्हणायचं सोडलंय.

हौसाक्का सातपुते सगळ्यांच्या आधी येते.
दारातच म्हणते, "आलो बाई मी."
पहिल्या दिवशी मी सुधारलं होतं :
आलो नाही, आले.
ती हसली. "धुळ्याकडं तसं असंल.
हितं बायका बी आलो, गेलो, जेवलोच म्हणत्यात."

आज तिला एक ओळ हवीय.
चप्पल लाइनचा व्यापारी तिचे वीस जोड बाहेरदेशी पाठवतोय,
प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी :
ही चप्पल माझी मी केली.
एवढंच. इंग्रजीत.

फळ्यावर लिहिलं, आय मेड धिस ऑन माय ओन.
"शेट म्हणतोय, जरा जोर पायजे."
जोर म्हणजे क्रियाविशेषण, मी म्हटलं,
आणि ते कुठंही बसत नाही.
व्हेरी ऑन माय ओन असं कुणी म्हणत नाही,
पण माय आणि ओनच्या फटीत त्याच व्हेरीला जागा आहे :
माय व्हेरी ओन.
एन्टायरली मात्र बाहेर, उंबऱ्याशी, ऑनच्या अलीकडं.
"का वो?"
का ते मलाही सांगता येत नाही. कानाला कळतं.
"आमचं बी तसंच. अंगठा कुठं ठेवायचा
ते बोटाला इचारावं लागतं."

हे मी नाही सांगितलं तिला,
की ऑन माय ओन म्हणजे स्वतःची स्वतः,
आणि ऑन माय ओन म्हणजे एकटी.
की आधी ऑल लावलं तर ऐकणारा च्च करतो,
एन्टायरली लावलं तर टाळी वाजवतो.
की खोली भाड्यानं घेताना घरमालक म्हणाला होता, "एकट्याच?"
आणि मला त्या 'च'चं इंग्रजी अजून सापडलेलं नाही.

भाऊ मला आहे. पैसे माझ्याकडे असतात, किल्ली माझ्याजवळ.
कप माझ्या हातून फुटतो.
लग्नाचं विचारतात तेव्हा मी म्हणते, मोडलं.
मोडलं, जसं काही फांदी.
मी मोडलं, असं म्हणायला
धुळ्याची मराठी मला एक कर्ता देते,
मीच तो घेत नाही.

"एन्टायरली म्हंजे?"
सगळं. पुरतं. दुसऱ्या कुणाचा हात न लागता.

हौसाक्का गप्प. मग बोटं मोडत,
"कातडं आठवडी बाजारातनं. साल बाभळीची, हिरडा,
ते कमावणारा येगळा.
तळ ह्यांनी कापला.
येणी सासूनं शिकवली, डोळं गेल्यावर,
माझी बोटं आपल्या बोटांत धरून.
गोंडा धाकटीचा.
मग हे एन्टायरली खोटंच की वो बाई."

मोस्टली सुचवलं. ऑलमोस्ट सुचवलं.
मागच्या बाकावरची शबाना म्हणाली, "पार्टली लिहा,
म्हणजे शेट पैसे पण पार्टली देईल."
हशा पिकला. कुणीतरी खडू पाडला.

शेवटी तिनंच ठरवलं.
"जोर बिर ऱ्हाऊ दे. चपलंचं नको.
येणीचं लिवा. येणी माझी हाय."
मी लिहिलं, द ब्रेड इज माय व्हेरी ओन.
ब्रेड म्हणजे पाव न्हवं? तिनं विचारलं,
आणि स्पेलिंग पुन्हा पुन्हा गिरवून घेतलं,
व्हेरीवर पेन्सिल इतकी दाबून
की खालच्या पानावरही उमटला.

"येतो बाई."
"या."

घरी कुलूप काढलं. दिवा लावला.
आत कुणी नव्हतं, नसतंच.
पर्स खुंटीला अडकवता अडकवता
कशी कोण जाणे, मोठ्यानं म्हणून गेले :
आलो.